प्रीता कवठेकरचं मराठी पदार्पण

अमेरिकेतल्या प्लेनोत प्रीता कवठेकरला सगळे 'इशिताची आई' म्हणून ओळखत. त्यात वाईट वाटून घेण्यासारखं काही नव्हतं, लेकीच्या गावात आईची ओळख तेवढीच असते. पण ही बाई जवळजवळ चाळीस वर्षं इंग्लंडच्या रंगभूमीवर उभी होती, तिकडच्या टीव्हीवर दिसत होती, तिच्या कामाबद्दल तिकडच्या वर्तमानपत्रांनी आदराने लिहिलं होतं. आणि प्लेनोत, घरोघरचे पदार्थ आणून होणाऱ्या पॉटलकमध्ये तिला विचारलं जाई, "मावशी, चकली येते का हो तुम्हाला?" येत नव्हती. मग विचारणारी बाई कीव केल्यासारखी हसे आणि दुसऱ्या मावशीकडे वळे.

प्रीताचे वडील मिरजेहून इंग्लंडमध्ये लेस्टरला गेले ते मोज्यांच्या कारखान्यात कामाला. मुलगी तिथेच जन्मली, तिथल्याच शाळेत शिकली आणि एका बाईंनी डोक्यात घातलं म्हणून लंडनला नाटकाच्या शाळेत गेली. मिरजेच्या माणसाची मुलगी नाटकात! कारखान्यातल्या गुजराती मंडळींनी बाबांचं सांत्वनसुद्धा केलं म्हणे. बाबांनी ते ऐकून घेतलं आणि पोरीला स्टेशनवर सोडायला गेले.

पुढची वर्षं कशी गेली ते थोडक्यात सांगण्यासारखं आहे, कारण ती सगळी एकसारखीच गेली. उत्तरेकडच्या थंड गावांमधली जुनी थिएटरं, भाड्याच्या खोल्या, तिथले ओलसर पडदे. सुरुवातीला ट्रे घेऊन येणारी मोलकरीण. मग टीव्हीवर नर्स, किराणा दुकानदाराची बायको, आणि पोरीला मारून मुटकून बोहल्यावर चढवणारी आई. पडद्यावर तिने किती मुलींची जबरदस्तीने लग्नं लावली याचा हिशोब तिलाही नव्हता. या सगळ्या भूमिकांसाठी तिला 'भारतीय उच्चार' करावे लागत. तिच्या तोंडी तर अस्सल लेस्टर होतं. म्हणून निर्मात्यांनी एक गोरा शिक्षक नेमला आणि भारतीय बाई इंग्रजी कसं बोलते ते त्याने प्रीताला शिकवलं. ती शिकलीही. पोटासाठी माणूस काय काय शिकतो.

मोठ्या थिएटरात ती पोचली ती एका नामांकित नटीची बदली म्हणून. म्हणजे नटी आजारी पडली तर हिने उभं राहायचं. सगळी भूमिका पाठ करून प्रीता रोज विंगेत बसे आणि ती नटी ठणठणीत असे. असे दोन हंगाम गेले. पन्नाशी उलटल्यावर एका छोट्या थिएटरात तिला खरी, पूर्ण लांबीची, मध्यवर्ती भूमिका मिळाली. समीक्षकांनी डोक्यावर घेतलं. तेव्हापासून तिच्या नावामागे 'आदरणीय' हे विशेषण लागलं. ज्या नटीला लोक मान देतात आणि काम देत नाहीत तिला आदरणीय म्हणतात, हे तिला पुढच्या दोन-तीन वर्षांत कळलं.

बाबा मात्र प्रत्येक नाटकाला येत. इंग्रजी त्यांना कारखान्यापुरतं येई, नाटकातलं इंग्रजी डोक्यावरून जाई. तरी पहिल्या रांगेत ताठ बसत. संपल्यावर कोटाची बटणं लावत म्हणत, "काम झकास झालं तुझं. काय चाललं होतं ते कळलं नाही, पण झकास." तरुणपणी ती यावर खो खो हसायची. ती मध्यवर्ती भूमिका संपल्यावर, सगळं थिएटर उभं राहून टाळ्या वाजवत असताना, बाबा नेहमीसारखंच म्हणाले आणि वर म्हणाले, "एकदा मराठीत कर की काहीतरी. मलाही कळू दे माझी मुलगी काय करते." ती करते म्हणाली. मराठीत नाटक करायचं तर लेस्टरमध्ये कुणाबरोबर? राहूनच गेलं. बाबाही गेले. प्रीताच्या मनात ही एकच गोष्ट सलत राहिली. काम मिळत नाही याचं दुःख सगळ्याच नटांना असतं. हिचं दुःख होतं की जगातल्या ज्या एका प्रेक्षकासाठी काम करावं त्याच्यासाठी तिने कधीच केलं नाही.

लग्न केव्हाच मोडलं होतं. मुलगी इशिता नोकरीसाठी अमेरिकेत आली, पुण्याच्या अनिशशी लग्न करून प्लेनोत स्थायिक झाली. मग आईलाही इकडे आणलं, कारण लंडनचं भाडं आदराने भरता येत नाही. इशिताचं मराठी आईपेक्षा कितीतरी बरं होतं, ते अनिशच्या आईने घासून पुसून लख्ख केलं होतं. गावातल्या मराठी मंडळाच्या बायकांत ती आता त्यांच्यातलीच एक म्हणून वावरे आणि तिला त्याचं अप्रूप होतं. लहानपणी ती कुणाच्यातलीच नव्हती, तेव्हा ते समजण्यासारखं होतं.

अशा घरी एका दिवाळीला निमिष देवस्थळी फराळाला आला. निमिष मूळ नागपूरचा, आठवडाभर कंपनीत डेटा सांभाळायचा आणि शनिवार-रविवार मंडळासाठी नाटकं लिहून बसवायचा. प्रीताचं पूर्वायुष्य कळल्यावर त्याच्या हातातला लाडू हातातच राहिला.

"म्हणजे यू आर अ प्रॉपर लंडन ॲक्ट्रेस? अनिश, यार, तू कधी बोलला नाहीस! मावशी, माझ्या नव्या नाटकात आईचा रोल आहे. लीड. तुम्हीच करायचा, नाही म्हणायचं नाही."

प्रीता नाही म्हणणार होती थोडीच! तिने चेहरा शांत ठेवला, विचार करते म्हणाली, आणि पाहुणे गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन हुंदके देऊन रडली. आनंदानेच. या वयात कुणी आपल्याला भूमिका देऊ करतं, आणि तीही मराठीत!

नाटक तसं बेताचंच होतं. वडील वारतात, अमेरिकेतला मुलगा सगळं उरकल्यावर पोचतो, आई त्याच्याशी बोलत नाही. शेवटच्या प्रवेशात मुलगा विचारतो, "आई, तू मला माफ केलंस ना?" आणि आई एक लांबलचक भाषण करून त्याला माफ करून टाकते. प्लेनोतल्या प्रेक्षकाला यापेक्षा वेगळा शेवट चालला नसता. बसलेल्यांपैकी निम्मे लोक आपापल्या आईबापांच्या वेळी असेच उशिरा पोचले होते.

तालमी निमिषच्या घरातल्या मीडिया रूममध्ये, पाय वर करून बसायच्या खुर्च्यांमध्ये. बाकीचे नट फोनमध्ये बघून वाचत, मध्येच कुणाला मुलाला सॉकरहून आणायचं असे, मध्येच समोसे येत. प्रीता पहिल्याच तालमीला सगळी भूमिका पाठ करून आली होती. देवनागरी तिला सावकाश वाचता येई, म्हणून एकेक ओळ बोटाने धरून तिने ती पाठ केली होती. पण ती बोलायला लागली की खोलीत चुळबुळ होई. तिचं मराठी मिरजेचं, बाबांबरोबर इंग्लंडला गेलेलं आणि तिथेच थांबलेलं. त्यावर लेस्टरचा जाड थर. 'ळ' तिच्या जिभेवर बसत नव्हता. 'कळलं' म्हणताना 'कललं' होई आणि मागच्या खुर्चीतून कुणीतरी खुदकन हसे. हसणारी मंडळी कोण, तर 'तालीम कॅन्सल केली', 'मी ड्राइव्ह करून येतो' असं मराठी बोलणारी! पण आपलं ते सोवळं आणि दुसऱ्याचं ते ओवळं, हे कुठल्याही देशात गेलं तरी सुटत नाही.

प्रीता त्यांच्याबरोबर हसली. उच्चार हे कष्टाचं काम आहे आणि कष्ट तिला नवे नव्हते. गोऱ्या माणसाकडून भारतीय उच्चार शिकलेली बाई आपल्या बापाची भाषा शिकणार नाही होय? ती सकाळी फिरताना, भांडी लावताना, आंघोळ करताना 'ळ' घोटत राहिली. जमतही आला होता.

प्रयोगाला थोडे दिवस उरले असताना निमिष काजूकतलीचा डबा घेऊन आला. मिठाई घेऊन आलेला दिग्दर्शक प्रीताने पूर्वी पाहिला नव्हता, पण त्याचा चेहरा तिने पुष्कळ दिग्दर्शकांवर पाहिला होता.

"मावशी, एक सिच्युएशन झालीय," तो म्हणाला. "देवयानी कारखानीस सध्या यूएस टूरवर आहेत. त्या सिरियलमधल्या. आपल्याला त्यांची डेट मिळतेय. कमिटी म्हणते त्यांना आईचा रोल द्या, हॉल फुल होईल. मोठा हॉल घेतलाय ना आपण."

देवयानी कारखानीस म्हणजे अख्ख्या महाराष्ट्राची सासू. रोज रात्री घराघरात सुनांना छळणारी. तिच्या नावावर हॉल भरणार हे खरंच होतं.

"माझ्या मराठीमुळे काढताय का?" प्रीताने सरळ विचारलं.

"छे छे, मावशी! काहीतरीच काय! हा फक्त तिकिटांचा प्रश्न आहे. तुम्ही आर्टिस्ट आहात, तुम्ही समजून घ्याल. इशिताशी बोललोय मी आधी. तीच म्हणाली, मम समजून घेईल."

प्रीताने स्वयंपाकघराकडे पाहिलं. इशिता आतमध्ये डिशवॉशर रिकामा करत होती आणि ताटल्यांचा आवाज जरा जास्तच येत होता. प्रीताने समजून घेतलं. आयुष्यभर तिने दुसरं काय केलं होतं!

रात्री इशिता एवढंच म्हणाली, "इट्स जस्ट अ मंडळ प्ले, मम. डोन्ट टेक इट टू हार्ट."

देवयानी प्रयोगाच्या दोन दिवस आधी आली. बाई वाईट नव्हती. रोज नवं विमान, नवा हार, नवे सेल्फी यांनी पिचून गेलेली. तालमीत तिने हात टेकले. "अहो, एवढं पाठांतर मला दोन दिवसांत नाही व्हायचं. आमच्याकडे सेटवर कानात बटण असतं, मागून कुणीतरी बोलतं, आम्ही म्हणतो. तसं करा काहीतरी. पण बोलणारं माणूस चांगलं हवं, नुसतं वाचून दाखवणारं नको."

सगळी भूमिका, सगळ्या जागांसकट, प्लेनोत एकाच माणसाला पाठ होती.

निमिषने विचारलं आणि प्रीता हो म्हणाली. का? तिला विचारलं असतं तर म्हणाली असती की प्रयोग बुडू द्यायचा नसतो, हे आमच्या रक्तात असतं. ते अर्धं खरं होतं. उरलेलं अर्धं असं की विंगेत उभं राहायला मिळालं तर देवयानीचा ऐन वेळी घसा बसेल, निदान पाय मुरगळेल, अशी तिला आशा होती. दोन हंगाम लंडनमध्ये हीच आशा करून ती थकली होती, तरी ती सुटली नव्हती.

प्रयोग रविवारी दुपारी, एका शाळेच्या प्रशस्त सभागृहात. हॉल खचाखच भरला. देवयानीचा घसा उत्तम होता, पाय शाबूत होते. प्रीता विंगेत स्टुलावर बसली, हातात फोन, फोनचं दुसरं टोक देवयानीच्या कानात, अंबाड्याआड लपवलेलं. पडदा वर गेला आणि प्रीताने हळू आवाजात पहिलं वाक्य म्हटलं. क्षणभराने तेच वाक्य रंगमंचावरून आलं.

देवयानी या कामात तरबेज होती. प्रीता जिथे शब्द दाबी तिथे ती दाबे. प्रीता वाक्याच्या मध्ये श्वास घेई, तो श्वाससुद्धा तिने उचलला. नवऱ्याचा चष्मा सापडतो त्या प्रवेशात प्रीताचा आवाज खरोखरच चिरकला, कारण तिला बाबांचा चष्मा आठवला. लगेच देवयानीचाही आवाज तसाच, तिथेच चिरकला. हॉलमध्ये नाकं ओढल्याचे आवाज यायला लागले. पुढच्या रांगेतले काका रुमाल शोधत होते.

प्रीता हे सगळं अंधारातून पाहत होती. तिचं काम होत होतं. तिला हवं होतं तसं, मराठीत, भरलेल्या हॉलपुढे, आणि एकूण एक शब्द लोकांना कळत होता. 'ळ' स्पष्ट येत होता. बाबा पहिल्या रांगेत असते तर त्यांना सगळं कळलं असतं आणि त्यांनी देवयानी कारखानीसला झकास म्हटलं असतं. या विचारासरशी प्रीताच्या अंगाचा तिळपापड झाला. इतका राग तिला त्या ठणठणीत नटीचाही कधी आला नव्हता.

शेवटचा प्रवेश आला. मुलाचं काम करणारा अमित गुडघ्यांवर बसला आणि म्हणाला, "आई, तू मला माफ केलंस ना?"

प्रीता गप्प बसली.

भाषण तिला पाठ होतं. पहिला शब्द ओठांवर होता. पण ती बोलली नाही. रंगमंचावरच्या सहनटाला पाडणं याच्यासारखं पाप नाटकात दुसरं नाही आणि प्रीताने ते जन्मात केलं नव्हतं. आता ती ते समजून उमजून, थंड डोक्याने करत होती. पड, ती मनात म्हणाली. हजार लोकांसमोर तोंड उघडं टाकून उभी राहा. त्यांना कळू दे, तुझ्या तोंडात कोण बोलत होतं.

देवयानी वाट पाहत राहिली. तिची मान किंचित विंगेकडे वळली. डोळ्यांत भीती आली, मग त्या भीतीने पाणी आलं. तिने मुलाकडे पाहिलं, तोंड उघडलं, मिटलं. दुसऱ्या विंगेतून निमिष हातवारे करत होता. हॉलमध्ये कुणी हलत नव्हतं. माफी येणार म्हणून सगळे थांबले होते आणि माफी येत नव्हती. मागून कुठूनतरी एक पुरुष ओक्साबोक्शी रडल्याचा आवाज आला. शेवटी देवयानी काहीच न सुचून पाठ फिरवून घरात, म्हणजे आत, निघून गेली. निमिषने घाबरून पडदा पाडला.

आणि हॉल उभा राहिला. टाळ्या थांबेचनात. लोक रडत होते, एकमेकांना धरत होते, आपल्या आयांना फोन लावत होते.

शाल-श्रीफळ झालं, हार झाले. निमिषने माइकवर सांगितलं की शेवट ऐन वेळी बदलायचं धाडस देवयानीताईंसारखा कलावंतच करू जाणे. बॅकस्टेजचे आभार मानताना लाइट, साउंड, चहा आणि 'प्रॉम्प्टिंगला हेल्प केल्याबद्दल प्रीतामावशी' अशी नावं त्याने घेतली.

हार उतरवत देवयानी विंगेत आली. "मुद्दाम थांबलात ना?"

"हो."

"मला पाडायला?"

"हो," प्रीता म्हणाली. खोटं बोलायची तिच्यात ताकद नव्हती.

देवयानी रागावली नाही. कोरडं हसली. "पडले असते हो, शंभर टक्के. आमचं नशीब बघा. आता पुढे ट्रॉयची, हर्नडनची मंडळंही हेच नाटक मागतायत, तिथे हा शेवट ठेवणार मी." मग ती जरा जवळ आली. "पण एक सांगा, एवढं सुंदर बोलता, मग मंडळाने मला कशाला बोलावलं? मला सांगितलं होतं की मूळ बाईंना मराठी नीट येत नाही, प्रयोगात हसं होईल, म्हणून तुम्ही या. टूरमध्ये प्लेनो नव्हतंच माझ्या. त्यांनी मागे लागून तारीख घेतली."

प्रीताने मान हलवली आणि आपली पर्स शोधायला लागली. पर्स तिच्या खांद्यालाच होती.

परतताना गाडी इशिता चालवत होती. अनिश हॉल आवरायला मागे राहिला होता. हायवेवर संध्याकाळचं ऊन समोरून येत होतं. प्रीताच्या फोनवर निमिषचा मेसेज आला. तिने तो मोठ्याने वाचला: मावशी, पुढच्या शोजसाठी सगळे डायलॉग तुमच्या आवाजात रेकॉर्ड करून द्याल का? देवयानीताई म्हणतात तुमच्याशिवाय जमणार नाही.

"मम, दॅट्स सच ॲन ऑनर!" इशिता म्हणाली. "बघ, त्यांना तुझी किंमत आहे."

"तिकिटांचा प्रश्न नव्हता," प्रीता म्हणाली. "माझ्या बोलण्याचा होता. तुला माहीत होतं."

इशिताने आरशात पाहिलं, गाडीचा वेग थोडा कमी केला. "हो. बिकॉज आय वॉज प्रोटेक्टिंग यू. लोक हसत होते, मम. तालमीत नाही फक्त. राधिकाकडच्या पॉटलकला तुझी नक्कल चालली होती, ते कललं-बिललं. सगळे लोळत होते हसून. हॉलमध्ये असं झालं असतं तर? तुला सहन झालं असतं? म्हणून मीच निमिषला म्हटलं, दुसरं कुणी बघ."

म्हणजे काढून टाकणारी कमिटी नव्हतीच. बाहेर मोठमोठ्या कंपन्यांच्या काचेच्या इमारती मागे जात होत्या.

"नक्कल कोण करत होतं?" तिने विचारलं.

इशिताने इंडिकेटर दिला आणि लेन बदलली. मग पुन्हा इंडिकेटर देऊन होती त्या लेनमध्ये आली. तिचे कान लाल झाले होते.

प्रीताला समजायला वेळ लागला नाही. आवाजाची हुबेहूब नक्कल करायला उपजत अंग लागतं, ते आईकडून येतं.

"छान जमली होती का?" तिने विचारलं.

इशिताला रडू फुटलं. "मम, प्लीज."

"नाही, मी खरंच विचारतेय. लोक हसून लोळले म्हणालीस ना? म्हणजे जमली असणार."